आरक्षणाच्या खिडकीमागचे यंत्र : जुनी व्हीएमएस नव्या संगणकावर बसवताना

२०२५ च्या जून महिन्यात रेल्वे मंत्रालयाने प्रवासी आरक्षण प्रणालीच्या नूतनीकरणाची योजना जाहीर केली. मिनिटाला सुमारे ३२,००० तिकिटे देणारी प्रणाली दीड लाखाच्या पुढे न्यायची, असा तिचा आशय होता. वृत्तपत्रांनी हे आकडे ठळक छापले आणि पुढे चर्चा झाली ती आकड्यांचीच. जी व्यवस्था मागे पडणार होती तिच्या तळाशी गेली कित्येक दशके कोणती ऑपरेटिंग सिस्टीम चालत आली, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारला. तिचे नाव व्हीएमएस. भारतातील कोट्यवधी माणसांनी तिचा वापर केला. तिचे नाव मात्र त्यातील मोजक्यांच्याच कानावर पडले असेल.

आज ही ऑपरेटिंग सिस्टीम एखाद्या साध्या लॅपटॉपवर, विनामूल्य मिळणाऱ्या सिम्युलेटरच्या आधारे, एका दुपारी बसवता येते. तसे करणे हा निव्वळ स्मरणरंजनाचा खेळ आहे असे अनेकांना वाटते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र त्याकडे उत्खननासारखे पाहावे. कागदपत्रांत न सापडणाऱ्या काही गोष्टी यंत्र चालवल्यावरच उलगडतात.

आधी भारतातील पार्श्वभूमी. संगणक येण्यापूर्वी रेल्वेचे आरक्षण म्हणजे जाडजूड नोंदवह्या. प्रत्येक गाडीच्या प्रत्येक दिवसासाठी स्वतंत्र पान, आणि ती वही ज्या खिडकीवर असेल त्याच खिडकीवर त्या गाडीचे तिकीट. प्रवाशाने चुकीच्या रांगेत तासभर घालवला तर तो तास वायाच. वही एकच असल्यामुळे एक बर्थ एकालाच मिळेल याची हमी होती. पण वही एकच असल्यामुळे एका वेळी एकच कारकून तिच्यात लिहू शकत होता. पुढच्या साऱ्या कथेचे बीज या एका वाक्यात आहे.

१९८५ मध्ये नवी दिल्लीत ‘इम्प्रेस’ या नावाच्या संगणकीय आरक्षण प्रणालीचा पहिला प्रयोग सुरू झाला. ती घडवली सीएमसी या सरकारी कंपनीने. ही कंपनी १९७५ मध्ये स्थापन झाली होती आणि १९७८ मध्ये आयबीएमने भारत सोडल्यावर तिच्या यंत्रांची देखभाल याच कंपनीकडे आली. दुसऱ्याची यंत्रे दुरुस्त करण्यासाठी जन्मलेल्या संस्थेने देशातील सर्वांत मोठ्या सार्वजनिक सॉफ्टवेअरांपैकी एक लिहावे, ही गोष्ट भारतीय विज्ञानेतिहासात अजून पुरेशी सांगितली गेलेली नाही. इम्प्रेससाठी निवडलेली यंत्रे होती अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हॅक्स कुळातील, आणि त्यांच्यावर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम व्हीएमएस.

पहिला व्हॅक्स-११/७८० हा संगणक २५ ऑक्टोबर १९७७ रोजी जाहीर झाला. बत्तीस बिटांचा पत्ता, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमला चार गिगाबाइटांचा आभासी स्मृतिपट. प्रत्यक्ष स्मृती मात्र काही मेगाबाइटांचीच. ही तफावत सांभाळण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टीमचे. स्मृतीची ५१२ बाइटांची पाने गरजेप्रमाणे चकतीवरून आत आणायची आणि नको ती बाहेर टाकायची. ‘व्हर्च्युअल मेमरी सिस्टीम’ हे नाव तेथून आले. तिच्या शिल्पकारांपैकी डेव्ह कटलर १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि तेथे त्यांनी विंडोज एनटी उभारली. आजच्या विंडोजच्या गाभ्यात व्हीएमएसच्या कल्पनांचे ठसे ओळखीचे वाटावेत इतके स्पष्ट आहेत.

आता लॅपटॉपकडे वळू. ‘व्हर्च्युअल मशीन’ हा शब्द आज सैलपणे वापरला जातो आणि त्यामुळे एक महत्त्वाचा भेद झाकला जातो. लॅपटॉपवर विंडोजच्या आत लिनक्स चालवले जाते तेव्हा पाहुण्या सिस्टीमच्या बहुतेक सूचना खऱ्या प्रोसेसरवरच थेट चालतात. दोघांची भाषा एक असते. व्हॅक्सची गोष्ट निराळी. तिची यंत्रभाषा आजच्या इंटेल किंवा एआरएम प्रोसेसरला मुळीच कळत नाही. त्यामुळे प्रत्येक सूचना वाचायची, तिचा अर्थ लावायचा, काल्पनिक रजिस्टरांत तिचा परिणाम नोंदवायचा आणि पुढच्या सूचनेकडे जायचे, असे दुभाष्याचे काम एका प्रोग्रॅमला करावे लागते. व्हॅक्सच्या सूचना काही साध्या नाहीत. बहुपदीची किंमत काढणारी एक स्वतंत्र सूचना तिच्यात आहे : सहगुणकांचा तक्ता द्या, घातांक द्या, उत्तर रजिस्टरात हजर. भौतिकशास्त्रज्ञाला मोह पडावा अशी ही सोय. यंत्ररचनेच्या दृष्टीने मात्र ती फार महाग पडली, आणि पुढच्या पिढीतील प्रोसेसरांनी अशा अवजड सूचना टाळल्या.

हे दुभाषाचे काम करणारा सर्वपरिचित प्रोग्रॅम म्हणजे सिमएच. बॉब सुपनिक यांनी तो १९९३ मध्ये सुरू केला. सुपनिक हे त्याच डिजिटल कंपनीतील वरिष्ठ अभियंते. मायक्रोव्हॅक्स चिपच्या निर्मितीचे नेतृत्व त्यांनी केले होते. ज्याने सिलिकॉनमध्ये यंत्र घडवले त्यानेच ते सी भाषेत पुन्हा लिहिले, असे भाग्य फार थोड्या यंत्रांच्या वाट्याला येते.

सिमएचमध्ये व्हॅक्सची अनेक रूपे आहेत. व्हीएमएसच्या चौथ्या मालिकेसाठी ११/७८० किंवा ११/७५० घ्यावा. नंतरच्या आवृत्त्यांसाठी मायक्रोव्हॅक्स ३९०० सोयीचा. एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये यंत्राचे वर्णन लिहायचे : स्मृती किती, चकती कोणत्या जातीची, टेप कोठे जोडलेली. एकेकाळी खोलीभर पसरलेल्या सामग्रीची जागा या दहापंधरा ओळी घेतात. कपाटाएवढी चकती म्हणजे एक फाइल, चुंबकीय फीत म्हणजे दुसरी फाइल, आणि टर्मिनल म्हणजे टेलनेटचा एक दुवा.

मायक्रोव्हॅक्स सुरू केला की प्रथम त्याचे कायमस्मृतीतील मूळ सॉफ्टवेअर जागे होते. जतन केलेली मांडणी नसेल तर ते संवादासाठी भाषा विचारते. यादीत डॅनिश आहे, फिनिश आहे, स्विस वळणाची जर्मनही आहे. युरोपाबाहेर नजर फारशी गेलेली नाही. मग स्वपरीक्षा. पडद्यावर आकडे उतरत जातात, चाळीस, एकोणचाळीस, अडतीस, आणि अखेर तीन बाणटोकांचे चिन्ह उमटते. खऱ्या यंत्राला या पायऱ्या उतरायला वेळ लागत असे. सिम्युलेटरवर त्या झरझर संपतात, कारण चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या यंत्राहून साधा लॅपटॉप दुभाषाचे ओझे घेऊनही किती तरी पटींनी वेगवान असतो. आकडे मात्र तसेच उतरतात. तपासण्यासारखे खरे तर तेथे काहीच नसते. काल्पनिक स्मृती बिघडत नाही.

व्हीएमएस बसवण्याची रीत आजच्या सवयींहून वेगळी आहे. ‘पुढे’ लिहिलेले बटण दाबत जाण्याची सोय नाही. प्रथम टेपवरून किंवा सीडीवरून एक स्वतंत्र बॅकअप प्रोग्रॅम चालू करायचा. हा प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टीमशिवाय उभा राहतो. त्याच्याकडून गठ्ठ्यात बांधलेल्या फाइली कोऱ्या चकतीवर उलगडून घ्यायच्या. मग यंत्र थांबवायचे आणि त्या नव्या चकतीवरून पुन्हा सुरू करायचे. आता अर्धवट जागी झालेली सिस्टीम प्रश्न विचारू लागते : चकतीचे नाव काय, कोणते घटक हवेत, यंत्राचे जाळ्यातील नाव काय. शेवटी ‘ऑटोजेन’ नावाची प्रक्रिया यंत्राची स्मृती, चकत्या, अपेक्षित वापरकर्ते यांचा हिशेब मांडून शेकडो अंतर्गत मापे ठरवते आणि यंत्र आणखी एकदा बंद करून उठवते. खाटेवर पडलेल्या माणसाला तीनदा उठवून बसवावे, तसा हा प्रकार.

मधल्या प्रश्नांत एक प्रश्न खात्यांच्या संकेतशब्दांचा असतो. ‘सिस्टीम’, ‘फील्ड’ आणि ‘सिस्टेस्ट’ ही तीन खाती व्हीएमएस स्वतःच निर्माण करते. त्यांतील ‘फील्ड’ हे कंपनीच्या दुरुस्ती अभियंत्यासाठी. आरंभीच्या आवृत्त्यांत या खात्यांचे संकेतशब्द कारखान्यातूनच ठरून येत, ते माहितीपुस्तिकेत छापलेले असत आणि अनेक ठिकाणी कोणी ते बदलतच नसे. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टॉल यांना संगणकाच्या हिशेबात पाऊण डॉलरची तफावत सापडली आणि तिचा माग काढता काढता ते जर्मनीतील एका घुसखोरापर्यंत पोचले. या घुसखोराच्या हातातील एक हत्यार म्हणजे व्हॅक्स यंत्रांवरचे हे न बदललेले कारखानी संकेतशब्द. नंतरच्या आवृत्त्या संकेतशब्द बसवणाऱ्याकडूनच मागतात आणि तो आखूड असेल तर नाकारतात. बसवण्याच्या प्रक्रियेतील एका किरकोळ प्रश्नामागे एवढा इतिहास आहे.

आणखी एक प्रश्न तारखेचा, आणि येथे थोडे थांबणे भाग आहे.

व्हॅक्सच्या यंत्रभागात एक घड्याळ आहे, पण त्याला वर्ष ठाऊक नाही. ते बत्तीस बिटांचे एक मोजमाप आहे आणि दर शतांश सेकंदाला एकाने वाढते. असे मोजमाप सुमारे ४९७ दिवसांत भरून जाते. वर्षाची नोंद ऑपरेटिंग सिस्टीम चकतीवर वेगळी ठेवते, आणि दोहोंची सांगड घालून आजची तारीख काढते. म्हणून दीर्घकाळ बंद राहिलेले यंत्र उठले की आधी माणसालाच तारीख विचारते.

ती एकदा कळली की व्हीएमएस काळ ज्या पद्धतीने मोजते ती फारच विलक्षण आहे. चौसष्ट बिटांची एक संख्या, एकक १०० नॅनोसेकंद, आणि आरंभबिंदू १७ नोव्हेंबर १८५८ ची मध्यरात्र. युनिक्सचा काळ १९७० मध्ये सुरू होतो. डिजिटलच्या अभियंत्यांनी एकोणिसाव्या शतकात का जावे? उत्तर खगोलशास्त्रात आहे. खगोलशास्त्रज्ञ दिवसांची सलग मोजणी करतात. तिला ज्युलियन दिनांक म्हणतात आणि तिचा आरंभ इसवी सनपूर्व ४७१३ मध्ये आहे. आज या मोजणीत दिवसांची संख्या चोवीस लाखांच्या पुढे आहे. १९५७ मध्ये स्पुटनिक उडाल्यावर कृत्रिम उपग्रहांचा मागोवा घेणाऱ्या स्मिथसोनियन वेधशाळेला एवढे मोठे आकडे संगणकात ठेवणे जड जाऊ लागले. त्यांनी २४ लाख दिवस आणि वर अर्धा दिवस वजा केला. अर्धा अशासाठी की ज्युलियन दिवस दुपारी बारा वाजता सुरू होतो आणि मोजणी मध्यरात्रीपासून हवी होती. उरलेली संख्या अठरा बिटांत मावली. या सुधारित मोजणीचा शून्य दिवस म्हणजे १७ नोव्हेंबर १८५८. अलाहाबादेस राणीचा जाहीरनामा वाचला गेला त्याला तेव्हा सोळा दिवस झाले होते; हा निव्वळ योगायोग, पण तारीख लक्षात ठेवायला उपयोगी.

या मोजणीशी भारताचा दुवा केवळ योगायोगाचा नाही. स्मिथसोनियनने उपग्रहांच्या छायाचित्रणासाठी जगभर बारा ठिकाणी बेकर-नन कॅमेरे बसवले होते आणि त्यांतील एक नैनितालच्या वेधशाळेत होता. ज्या वेधांसाठी ही दिवसगणना आखली गेली, त्यांतील काही हिमालयाच्या पायथ्याशी घेतले जात होते. पुढे तीच गणना मॅसॅच्युसेट्समधील एका संगणक कंपनीने आपल्या घड्याळासाठी उचलली आणि त्या कंपनीच्या यंत्रांवर दिल्लीच्या आरक्षण केंद्रात गाड्यांच्या तारखा पडू लागल्या.

व्हीएमएसची ही संख्या ३१०८६ साली भरते. युनिक्सचे जुने बत्तीस बिटांचे घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजी भरते, याची तुलना वाचकांनीच करावी.

आता पुन्हा त्या नोंदवहीकडे. एकाच वहीत एकाच वेळी अनेक कारकुनांना लिहू द्यायचे आणि तरीही एक बर्थ दोघांना जाऊ द्यायचा नाही, हा आरक्षणाचा मूळ प्रश्न. दोन खिडक्यांवरील दोन कारकून एकाच क्षणी ‘२३ क्रमांकाचा बर्थ रिकामा आहे’ असे वाचतात. दोघेही तो भरलेला म्हणून नोंदवतात. दोघांचे वाचन बरोबर, दोघांचे लेखन बरोबर, आणि निकाल चुकीचा. वाचणे आणि लिहिणे यांच्या मधल्या फटीत तिसऱ्याला शिरू न देणे एवढाच उपाय आहे, आणि संगणकशास्त्रात त्यालाच कुलूप म्हणतात.

व्हीएमएसमध्ये कुलपांची व्यवस्था ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातच आहे. कुलूपही एकाच जातीचे नाही; त्याच्या सहा पायऱ्या आहेत. अगदी खालच्या पायरीवर नुसती नाममात्र नोंद. मध्ये ‘मी वाचतो आहे, तुम्हीही वाचा’ किंवा ‘मी लिहितो आहे, तुम्ही फक्त वाचा’ अशा सवलतीच्या पायऱ्या. सर्वांत वर पूर्ण मक्तेदारी. १९८४ च्या चौथ्या आवृत्तीपासून हे कुलूप अनेक यंत्रांवर पसरले. दोन-चार व्हॅक्स एकत्र जोडून एकच चकती वापरत आणि कोणते कुलूप कोणाच्या हाती आहे याविषयी आपसात बोलून ठरवत. एक यंत्र बंद पडले तर उरलेली यंत्रे त्याची कुलपे सोडवून काम पुढे चालू ठेवत. लिनक्सच्या गाभ्यात आज जो वितरित कुलूप-व्यवस्थापक आहे, त्यातही याच सहा पायऱ्या आहेत.

सिम्युलेटरवर याची चुणूक पाहणे अवघड नाही. दोन टेलनेट खिडक्या उघडाव्यात. त्या म्हणजे दोन टर्मिनले. पहिल्यावरून एक फाइल लिहिण्यासाठी उघडून ठेवावी. दुसऱ्यावरून तीच मागितली की व्हीएमएस आपल्या ठरावीक ढंगात कळवते : टक्केचिन्ह, मग कोणत्या विभागाची तक्रार, किती गंभीर, तिचे छोटे नाव, आणि शेवटी स्पष्ट वाक्य, की ही फाइल सध्या दुसऱ्या वापरकर्त्याने अडवलेली आहे. पाठ्यपुस्तकातील सहवर्ती प्रक्रियांचे प्रकरण वाचून जे डोक्यात शिरत नाही, ते या एका संदेशाने शिरते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जुनी सिस्टीम बसवायला सांगण्याचे याहून चांगले कारण दाखवता येणार नाही. आजच्या व्यवस्थांत हीच कुलपे इतक्या थरांखाली गाडलेली असतात की ती दिसतच नाहीत.

इम्प्रेसने एका केंद्रातील प्रश्न सोडवला. केंद्रे मात्र परस्परांपासून तुटलेलीच राहिली. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद या पाच केंद्रांचे साठे वेगळे होते. ते जोडण्याचे काम रेल्वेच्या क्रिस या संस्थेने ‘कॉन्सर्ट’ प्रणालीद्वारे केले. १९९४ मध्ये सिकंदराबादेत तिचा आरंभ झाला आणि १९९९ मध्ये पाचही केंद्रे एका जाळ्यात आली. कोणत्याही खिडकीवरून कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले ते तेव्हापासून. व्हॅक्सच्या जागी आधी अल्फा आणि नंतर इटॅनियम प्रोसेसर आले. वरची ऑपरेटिंग सिस्टीम तीच राहिली, फक्त नावापुढे ‘ओपन’ लागले. २००२ च्या ऑगस्टमध्ये इंटरनेटवरून तिकिटे मिळू लागली तेव्हा संकेतस्थळ नवे होते, त्यामागचा साठा हाच होता.

शीतयुद्धाच्या काळातील एक खूण याच यंत्रात दडलेली आहे. मायक्रोव्हॅक्स ३९०० मधील चिपच्या सिलिकॉनवर रशियन लिपीत एक वाक्य कोरलेले होते. चिप सोलून तिची नक्कल करणाऱ्या सोव्हिएत अभियंत्यांसाठी तो टोमणा होता : चोरायचेच तर उत्तमातले उत्तम चोरा, अशा अर्थाचा. ते केवळ सूक्ष्मदर्शकाखालीच दिसे. संगणक ही त्या काळी शस्त्रास्त्रांसारखीच नियंत्रित वस्तू होती आणि त्या नियंत्रणाची झळ भारतालाही बसली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी हवा असलेला क्रे महासंगणक अमेरिकेने दिला नाही. त्यातूनच १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. आरक्षणासाठी व्हॅक्स मिळाले, महासंगणक मिळाला नाही. कोणती गणना निरुपद्रवी आणि कोणती धोक्याची, हे दुसरेच कोणी ठरवत होते.

सिम्युलेटरवर व्हीएमएस बसवताना आज सर्वांत अवघड अडथळा तांत्रिक नसून कायद्याचा आहे. १९८८ च्या पाचव्या आवृत्तीपासून प्रत्येक घटकासाठी परवान्याची किल्ली लागते. चौथ्या मालिकेला ती लागत नाही. १९९७ पासून हौशी अभ्यासकांना किल्ल्या विनामूल्य मिळत. डिजिटल १९९८ मध्ये कॉम्पॅककडे गेली, कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीकडे, आणि २०१४ मध्ये व्हीएमएसचा पुढील विकास व्हीएमएस सॉफ्टवेअर या वेगळ्या कंपनीकडे आला. या हस्तांतरांत व्हॅक्सवरची जुनी रूपे मागे राहिली. एचपीने हौशींचा कार्यक्रम आवरता घेतला आणि नव्या कंपनीच्या कार्यक्रमात व्हॅक्सला स्थान मिळाले नाही. व्हॅक्ससाठीची शेवटची आवृत्ती ७.३, २००१ ची. दुसरीकडे, २०२२ मध्ये आलेली ९.२ ही आवृत्ती इंटेल कुळातील प्रोसेसरांवर, व्हर्च्युअलबॉक्ससारख्या साधनांत, खऱ्या अर्थाने आभासी यंत्रावर चालते. सिस्टीम जिवंत आहे; अप्राप्य झाला आहे तो तिचा भूतकाळ.

आणि व्हीएमएस बसली तरी इम्प्रेस बसत नाही. ऑटोजेन संपते, यंत्र शेवटचे उठते, स्वागताची ओळ येते आणि डॉलरचे चिन्ह लुकलुकत राहते. त्या चिन्हापुढे एकेकाळी ज्या आज्ञा दिल्या गेल्या, ज्या तक्त्यांत राजधानीचे आणि डेक्कन क्वीनचे डबे मांडले गेले, प्रतीक्षायादीतील माणूस वर सरकवण्याचे जे नियम फोरट्रानमध्ये लिहिले गेले, ते अमेरिकेतील कोणा संग्राहकाच्या टेपवर मिळायचे नाहीत. ते लिहिणारे अभियंते आज निवृत्तीच्या वयाचे आहेत. रेल्वेची वाफेची इंजिने जपण्यासाठी दिल्लीत संग्रहालय आहे, रेवाडीत इंजिनांची शेडही आहे. आरक्षणाच्या पहिल्या प्रणालीच्या टेपी, नोंदी आणि हस्तलिखित आराखडे मागून घेण्यासाठी फार तर एक खोली आणि टेप वाचणारे एक चालू यंत्र लागेल. त्या टेपीवरील चुंबकीय लेप इंजिनाच्या पोलादाइतका धीर धरत नाही.